संगणक कॅबिनेट

संगणक कॅबिनेट : मेजावर किंवा मेजाशेजारी ठेवून वापरावयाच्या संगणकाचे मदरबोर्ड, प्रक्रियक, स्मृतिपट्ट्या, वीजपुरवठा एकक, हार्ड डिस्क, विस्तार कार्डे व पंखे हे घटक ज्या पेटीत पक्के बसविलेले असतात, तिला संगणक कॅबिनेट म्हणतात. व्यवहारात या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ते नाव वस्तुतः पेटीतील प्रक्रियकाचे होय. कॅबिनेट स्वतः गणनाचे कोणतेही काम करीत नाही. त्यामुळे संगणक जुळविताना त्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, व तोही केवळ देखाव्याच्या दृष्टीने केला जातो. प्रत्यक्षात आतील घटकांचे तापमान, आयुष्य, संगणकाचा आवाज, वापरणाऱ्याची विद्युत् सुरक्षितता आणि दुरुस्तीची सुलभता या सर्व गोष्टी कॅबिनेटच्या अभिकल्पावर अवलंबून असतात. घटकांना भक्कम आधार देणे, उष्णता बाहेर टाकणे, विद्युत् धक्क्यापासून संरक्षण करणे, विद्युत् चुंबकीय व्यतिकरण रोखणे आणि देखभालीसाठी आत सहज प्रवेश देणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. कोणत्याही कॅबिनेटचे मूल्यमापन या कार्यांच्या निकषांवरच करावे लागते.

इतिहास : ॲपल कंपनीच्या १९७७ मधील ॲपल–२ या संगणकाची पेटी प्लॅस्टिकची होती. वरचे झाकण हाताने उचलून आतील आठ खाचांत कार्डे बसविता येत. पेटीत पंखा नव्हता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आणलेल्या ‘५१५०’ या वैयक्तिक संगणकाची पेटी पोलादी पत्र्याची, आडवी व सु. ५० सेंमी. रुंद होती. तिच्यावर दर्शकपटल ठेवण्याची सोय होती व आतील वीजपुरवठा एकक केवळ ६३·५ वॉटचे होते. १९८३ मध्ये आलेल्या तिच्या ‘एक्सटी’ या आवृत्तीत विस्तार खाचांमधील अंतर १ इंचावरून ०·८ इंच (२०·३२ मिमी.) करण्यात आले. हेच अंतर आजच्या कॅबिनेटमध्येही टिकून आहे. पुढे मेजावरील जागा वाचविण्यासाठी पेटी उभी ठेवण्याची पद्धत पडली आणि तिला ‘टॉवर’ हे नाव मिळाले.

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे प्रमाण जाहीर केले. यात मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची चौकट व वीजपुरवठा एककाची मापे ठरवून दिलेली आहेत. त्यामुळे एका उत्पादकाचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसू लागला. प्रक्रियकांची उष्णता वाढत गेल्यावर इंटेलनेच २००४ मध्ये ‘बीटीएक्स’ हे नवे प्रमाण सुचविले. त्यात समोरून घेतलेली हवा सरळ रेषेत प्रथम प्रक्रियकावरून व मग इतर घटकांवरून नेण्याची योजना होती. उष्णतेच्या दृष्टीने ही मांडणी तर्कशुद्ध असली, तरी तीसाठी मदरबोर्ड व कॅबिनेट दोन्ही बदलणे आवश्यक होते. २००६ मध्ये कमी उष्णता निर्माण करणारे प्रक्रियक आल्यावर तिची निकडही उरली नाही व ती मागे पडली. केवळ उत्तम अभिकल्प पुरेसा नसतो, प्रचलित घटकांशी त्याचा मेळ असावा लागतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

देखाव्यासाठी शीतनाकडे दुर्लक्ष केल्याचे परिणामही इतिहासात नोंदले गेले आहेत. १९८० मधील ॲपल–३ या संगणकात पंखा टाळून ॲल्युमिनियमच्या ओतीव तळाद्वारे उष्णता बाहेर टाकण्याचा प्रयत्न करण्यात आला. इतर दोषांबरोबरच अतितापनाच्या तक्रारी आल्यामुळे सुरुवातीची यंत्रे बदलून द्यावी लागली. याच कंपनीने २०१३ मध्ये आणलेल्या दंडगोलाकार ‘मॅक प्रो’ संगणकात तीन प्रमुख घटक एका त्रिकोणी उष्णतावाहक गाभ्याभोवती बसविलेले होते आणि एकच पंखा ठेवलेला होता. ही रचना दिसण्यास आकर्षक होती. परंतु अधिक शक्तीचे एकच ग्राफिक्स कार्ड तीत सामावणे शक्य नव्हते. उष्णतेच्या बाबतीत या अभिकल्पाने कोंडी केल्याचे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले व २०१९ मध्ये ती पुन्हा टॉवर पद्धतीच्या पेटीकडे वळली.

आकारमान व मेळ : पूर्ण एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी., मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिमी. आणि मिनी आयटीएक्स १७० × १७० मिमी. मापाचा असतो. एटीएक्स वीजपुरवठा एककाची रुंदी १५० मिमी. व उंची ८६ मिमी. असते, लांबी मात्र १४० मिमी. किंवा त्याहून अधिक असू शकते. कॅबिनेटच्या आकाराची तुलना घनफळावरून करणे सोयीचे असते. उदा., ४५ × २१ × ४५ सेंमी. मापाच्या पेटीचे घनफळ सु. ४२·५ लिटर भरते व ती मध्यम टॉवर या वर्गात मोडते. सु. २० लिटरपेक्षा कमी घनफळाच्या पेट्या लहान गणल्या जातात.

मदरबोर्ड बसतो एवढे पाहणे पुरेसे नसते. प्रक्रियकावरील शीतकाची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी व जाडी, वीजपुरवठा एककाची लांबी आणि द्रवशीतनाचा उष्णताविनिमयक बसविण्याची जागा ही चार मापे स्वतंत्रपणे तपासावी लागतात. ३०० मिमी.हून लांब ग्राफिक्स कार्डे आता सर्रास वापरात आहेत. समोरील पंख्यांच्या मागे उष्णताविनिमयक बसविल्यास कार्डासाठी उपलब्ध असलेली लांबी तेवढ्याने कमी होते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा बहुधा मोकळ्या पेटीचा असतो, हे ध्यानात घ्यावे लागते. मदरबोर्डामागील फळी व बाजूचे झाकण यांत सु. २० मिमी. पोकळी असल्यास वायरी त्या बाजूने नेता येतात व हवेचा मार्ग मोकळा राहतो.

सांगाडा व द्रव्ये : सांगाड्यासाठी मुख्यतः जस्तलेपित पोलादी पत्रा वापरतात. हलक्या प्रतीच्या पेट्यांत त्याची जाडी ०·५ मिमी.च्या आसपास, तर चांगल्या पेट्यांत ०·७ ते १ मिमी. असते. पत्र्याची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ०·५ मिमी.ऐवजी ०·८ मिमी. जाडीचा पत्रा सु. चौपट ताठ असतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सु. एकतृतीयांश असल्याने पेटी हलकी होते. परंतु त्याची ताठरताही सु. एकतृतीयांशच असल्याने पत्रा अधिक जाड घ्यावा लागतो. ॲल्युमिनियम हे उष्णतेचे उत्तम वाहक असल्यामुळे त्याची पेटी आतील घटक थंड ठेवते, हा समज मात्र बराचसा चुकीचा आहे. घटकांची उष्णता प्रथम हवेला मिळते व हवेबरोबरच बाहेर जाते; भिंतींतून होणारे वहन त्या मानाने अल्प असते.

पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असाव्यात, अन्यथा जुळणी करणाऱ्याचे हात कापतात. टॉवरमध्ये मदरबोर्ड उभा असल्याने ग्राफिक्स कार्ड आडवे व एका टोकाला अधांतरी राहते. जड कार्डाच्या भाराने खाच ताणली जाते. म्हणून दुसऱ्या टोकाला आधार देण्याची सोय असणे इष्ट असते.

बाजूचे झाकण दृढीकृत काचेचे करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. अशा काचेच्या पृष्ठभागात संपीडन व अंतर्भागात ताण असतो. त्यामुळे ती पृष्ठावर आघात सोसते, पण कडेला कठीण वस्तू लागल्यास एकदम फुटून तिचे असंख्य बारीक तुकडे होतात. फरशीवर काच उभी टेकवून ठेवणे हे तिच्या फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. काढलेले झाकण जाड कापडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावे.

उष्णता व वायुप्रवाह : संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ४०० वॉट शक्ती घेणाऱ्या संगणकात हवेची तापमानवाढ १०° से. एवढीच राखावयाची असेल, तर पेटीतून मिनिटाला सु. २ घ. मी. हवा वाहावी लागते. प्रवाह निम्म्यावर आल्यास ही वाढ २०° से. होते. आत येणारी हवा नेहमी खोलीच्या तापमानाची असल्याने कोणताही पंखा पेटीतील हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

पंख्याच्या वेष्टनावर छापलेला प्रवाहाचा आकडा मोकळ्या हवेतील असतो. समोर जाळी, धूळगाळणी व नक्षीदार झाकण आल्यावर होणारा अवरोध पंख्याला दाबाने पार करावा लागतो व प्रवाह पुष्कळ घटतो. यासाठी समोरील भागात प्रत्यक्ष मोकळे क्षेत्र किती आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. समोर अखंड काच किंवा प्लॅस्टिकचा पत्रा असून हवेसाठी केवळ कडेला अरुंद फट ठेवलेली असेल, तर आत तीन पंखे बसवूनही त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. षट्कोनी छिद्रांच्या जाळीत छिद्रांमधील पट्ट्या अरुंद ठेवता येत असल्याने गोल छिद्रांपेक्षा अधिक मोकळे क्षेत्र मिळू शकते. समोरून व तळाकडून थंड हवा घेऊन मागून व वरून गरम हवा बाहेर टाकणे ही सर्वमान्य मांडणी आहे. द्रवशीतनामुळे उष्णता नाहीशी होत नाही, तर केवळ दुसऱ्या जागी नेली जाते. तिला पेटीबाहेर जाण्यास वाट असावीच लागते.

पेटीत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असल्यास आत अल्पसा धनदाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेरच जाते. उलट स्थितीत प्रत्येक फटीतून न गाळलेली हवा व तिच्याबरोबर धूळ आत ओढली जाते. धुळीचा थर शीतकाच्या पात्यांमधील अंतर बुजवितो. गाळणी या धुळीला अडविते; परंतु स्वच्छ न केलेली गाळणी स्वतःच प्रवाह कोंडते. म्हणून गाळणी हत्याराशिवाय काढता येणे व धुता येणे हा गौण नव्हे, तर मुख्य निकष मानावयास हवा.

आवाज व कंपन : पंख्याचा वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा, दाब एकचतुर्थांश व लागणारी शक्ती एकअष्टमांश होते, आवाज सु. १५ डेसिबेलने घटतो. याच कारणाने वेगाने फिरणाऱ्या लहान पंख्यापेक्षा मंद फिरणारा मोठा पंखा श्रेयस्कर असतो. समान वेगाला १४० मिमी. व्यासाचा पंखा १२० मिमी. पंख्याच्या सिद्धांततः सु. दीडपट हवा देतो. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालविल्यास एकूण आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमुळे १२० हर्ट्‌झ कंप्रतेची कंपने निर्माण होतात व पातळ पत्रा त्यांनी गुणगुणू लागतो. रबरी बैठका व ताठ पत्रा हे त्यावरील उपाय होत. पेटीला आतून ध्वनिशोषक अस्तर लावल्यास तीव्र स्वर मंदावतात. पण त्यासाठी हवेची छिद्रे बुजविली गेल्यास पंखे अधिक वेगाने फिरू लागतात व मूळ हेतू विफल होतो.

विद्युत् सुरक्षा व व्यतिकरण : धातूची पेटी वीजपुरवठा एककामार्फत तीन पिनांच्या प्लगमधील भूसंपर्काशी जोडलेली असते. आत एखादी विद्युत् भारित तार पेटीला लागली, तर प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज किंवा सुरक्षा खटका तुटतो. घरातील भूसंपर्क नादुरुस्त असल्यास ही यंत्रणा निष्फळ ठरते. शिवाय वीजपुरवठा एककाच्या आदानाशी व्यतिकरण रोखण्यासाठी धारित्रे जोडलेली असतात. त्यांच्यामुळे भूसंपर्कहीन पेटीवर २३० व्होल्टच्या सु. निम्मा विद्युत् दाब आढळतो व तिला स्पर्श केल्यास मुंग्या येतात. अशा वेळी कॅबिनेट सदोष ठरवून ते बदलण्याने काहीही साध्य होत नाही. भूसंपर्क दुरुस्त करून घेणे हाच उपाय होय. तिसरी पिन काढून टाकणे धोक्याचे आहे.

संगणकातील उच्च कंप्रतेच्या मंडलांमुळे रेडिओ तरंग उत्सर्जित होतात. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये संगणकीय साधनांच्या अशा उत्सर्जनावर मर्यादा घालणारे नियम स्वीकारले. त्यानंतर धातूच्या आवरणास विशेष महत्त्व आले. आवरणातील फटीची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याएवढी झाल्यास ती फट आकाशकाप्रमाणे तरंग बाहेर सोडते. १ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी ३० सेंमी. असते, व्यवहारात फटीची लांबी तिच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे १५ मिमी.पेक्षा कमी राखणे योग्य समजतात. वायुवीजनासाठी एका मोठ्या भोकाऐवजी अनेक लहान छिद्रे पाडण्याचे हे एक कारण आहे. काचेचे झाकण व्यतिकरणास अटकाव करीत नाही.

परीक्षण : दोन कॅबिनेटांची तुलना करताना दोन्हींत तेच घटक बसवून त्यांवर एकसारखा भार द्यावा लागतो. तापमान स्थिर होईपर्यंत, साधारणतः अर्धा तास किंवा अधिक काळ, संगणक चालू ठेवतात. घटकाच्या प्रत्यक्ष तापमानाऐवजी खोलीच्या तापमानाहून ते किती अधिक आहे, हा फरक नोंदवितात. कारण निरनिराळ्या दिवशी खोलीचे तापमान भिन्न असते. केवळ तापमान नोंदविणेही अपुरे असते. पंखे पूर्ण वेगाने फिरविल्यास बहुतेक पेट्या थंड राहतात. म्हणून दोन्ही पेट्यांतील पंख्यांचे वेग असे ठेवतात, की ठरावीक अंतरावर मोजलेला आवाज सारखा यावा, आणि मग तापमानांची तुलना करतात.

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणी अशी : भारित स्थितीतील तापमान नोंदवून समोरचे झाकण काढावे व पुन्हा तापमान नोंदवावे. ते लक्षणीय उतरल्यास झाकण हवा अडवीत आहे, असा निष्कर्ष निघतो. फटींजवळ पेटती उदबत्ती धरल्यास धुराच्या दिशेवरून हवा आत जाते की बाहेर येते, हे कळते.

मूल्यमापनात निकषांचा क्रम महत्त्वाचा असतो. विद्युत् व यांत्रिक सुरक्षा आणि घटकांचा मेळ या अटी पूर्ण न करणारे कॅबिनेट इतर गुणांमुळे ग्राह्य ठरत नाही. त्यानंतर वायुप्रवाह, आवाज, स्वच्छतेची व दुरुस्तीची सुलभता आणि समोरील जोडण्या यांचा विचार करावा. रंगीत दिवे व काच ही आवडीची बाब आहे. त्यांना हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या किंमतीपोटी पत्र्याची जाडी, पंखे किंवा गाळण्या यांत काटछाट झालेली नाही, हे पाहिले पाहिजे.

भारतीय परिस्थिती : बाजारातील कॅबिनेटांची प्रसिद्ध होणारी परीक्षणे बहुधा २०°–२५° से. तापमानाच्या खोल्यांत केलेली असतात. अशा खोलीत ७५° से. तापमानावर चालणारा प्रक्रियक विदर्भातील उन्हाळ्यात ४०° से. तापमानाच्या खोलीत त्याच भाराखाली सु. ९०° से. वर पोहोचतो. बहुतेक प्रक्रियक सु. ९५°–१०५° से. या मर्यादेला आपला वेग आपोआप कमी करतात; म्हणजे येथे सुरक्षिततेची राखीव मर्यादा फारच थोडी उरते. वीजपुरवठा एककातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य दर १०° से. तापमानवाढीस सु. निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. त्यामुळे कोंदट पेटीचा परिणाम त्वरित न दिसता काही वर्षांनी बिघाडाच्या रूपाने दिसतो. कोकणातील दमट व खारट हवेत उघड्या कापलेल्या पोलादी कडा गंजतात. तेथे लेपाचा दर्जा विशेष पाहावा लागतो.

कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा मेजाच्या बंद कप्प्यात ठेवल्यास बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. त्याच्या मागे किमान वीतभर जागा मोकळी ठेवावी. ते जमिनीवर थेट न ठेवता लहान चौरंगावर किंवा चाकांच्या बैठकीवर ठेवल्यास केराची धूळ कमी जाते व फरशी पुसताना पाणीही लागत नाही. गाळण्या महिन्यातून एकदा झटकाव्यात व वर्षातून किमान एकदा आतील धूळ काढावी. धूळ उडविताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत.

प्रमाणित मापांमुळे चांगले कॅबिनेट हा संगणकाचा सर्वांत दीर्घायुषी भाग ठरतो. प्रक्रियक व मदरबोर्ड काही वर्षांनी कालबाह्य होतात. एटीएक्स मापाच्या पेटीत मात्र त्यांच्या पुढील पिढ्याही बसविता येतात. काही तयार संगणकांत उत्पादक स्वतःच्या खास मापाचे मदरबोर्ड व वीजपुरवठा एकक वापरतात. त्यांतील एक भाग निकामी झाल्यास संपूर्ण संच टाकून देण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रमाणित मापे हाही मूल्यमापनाचा एक निकष असून खर्च व इलेक्ट्रॉनिक कचरा या दोन्हींच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.